ओळखपत्र, भेटीची वेळ आणि चाळीतला उघडा दरवाजा

२०२१ च्या जुलैमधली गोष्ट. लोकल अजून सर्वांसाठी सुरू झाली नव्हती, त्यामुळे दादरहून लालबागला जाणेही लांबचे वाटत होते. मावशीचा फोन आला. "अरे, एक इंग्रजी पत्र आलंय. खाली नाव घालून दिल्लीला पाठवायचं म्हणतायत. मी कशाला सही करतेय ते तरी सांग."

पत्र व्हॉट्सॲपवर आले होते. दीड पानाचा मजकूर आणि खाली नाव-शहरासाठी रिकामी जागा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने थेट विक्रीच्या व्यवसायासाठी नियमांचा मसुदा जाहीर करून हरकती मागवल्या होत्या आणि मावशी ज्या कंपनीचा माल विकते तिथल्या वरच्या फळीतल्या कोणीतरी खालच्या सगळ्यांना हा तयार नमुना धाडला होता. या धंद्यात वरच्यांना 'अपलाइन' म्हणतात आणि खालच्यांना 'डाउनलाइन'. मावशी हे शब्द 'वरची बाई' आणि 'माझ्या पोरी' असे उच्चारते. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण मला सांगायचे आहे ते एका कंपनीपुरते नाही.

नमुन्यातला मुख्य मुद्दा असा : थेट विक्रेता हा स्वतंत्र व्यावसायिक आहे, म्हणून त्याने ग्राहकाला जे काही सांगितले त्याची जबाबदारी कंपनीवर टाकू नये. मी हे मावशीला मराठीत सांगितले तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यावर काही आलं तर कंपनीने अंग काढून घ्यावं, असं मीच लिहून द्यायचं?"

पुढे चार दिवस मी तो मसुदा वाचत बसलो. त्यातून जे हाती लागले आणि नंतरच्या काळात जे वाचले, त्याची ही मांडणी.

आधी धंद्याविषयी. १९८२ च्या १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा काका साचेखात्यात होते. संपाचे पुढे काय झाले ते वाचकांना माहीत आहे. गिरणगावातल्या घरांत पुरुषाचा पगार थांबला आणि बायकांनी जे जमेल ते विकायला काढले. घरात खाणावळ चालवणे जुनेच होते. त्या खाणावळवाल्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्येच अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते. गिरगावात १९५९ च्या १५ मार्चला लोहाणा निवासच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचे लिज्जत झाले. मावशीने पापड लाटले, मसाले कुटून दिले, साड्यांचे गाठोडे फिरवले. नव्वदीच्या दशकात परदेशी कंपन्या आल्या आणि प्लास्टिकचे हवाबंद डबे, क्रीम, साबणचुरा, मग पौष्टिक पावडरी असा माल घरोघर जाऊ लागला. तो मावशीच्याही पिशवीत आला.

अमेरिकेत टपरवेअरने १९५१ मध्ये आपला माल दुकानांतून काढून घेतला आणि गृहिणींच्या घरगुती मेजवान्यांमधून विकायला सुरुवात केली, ही व्यापारशास्त्रातली मोठी कल्पना समजली जाते. आमच्याकडे संक्रांतीचे हळदीकुंकू होतेच. एकीने वाण म्हणून छोटे डबे लुटले की रथसप्तमीपर्यंत दहा जणींच्या मागण्या येत. हा माल विकायला जाहिरात लागत नाही, ओळख लागते. त्या ओळखीतच या धंद्याची ताकद आहे आणि धोकाही.

धोका कुठे सुरू होतो? माल विकून नफा मिळवणे यात कोणाला वावगे वाटणार नाही. पण कंपनी म्हणते, तुम्ही सहा विक्रेते जोडा, त्यांच्या खरेदीवर तुम्हाला टक्का मिळेल. ते प्रत्येकी सहा जोडतील, त्यांच्याही खरेदीवर मिळेल. कागदावर हे फार सुंदर दिसते. मी मावशीला हे गणित बीडीडी चाळींवर करून दाखवले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून या चाळी २०७, प्रत्येकीत ८० खोल्या. समजा नायगावच्या एका चाळीत एका बाईने सुरुवात केली. तिच्या खाली ६, त्यांच्या खाली ३६. एकूण ४३ घरे झाली, म्हणजे अर्धी चाळ एका कंपनीची विक्रेती. पुढचा थर २१६ चा. एक चाळ संपली, चौथीत शिरलो. त्यापुढचा १,२९६ चा, एकूण १,५५५. नायगावच्या ४२ चाळींत खोल्या ३,३६०, म्हणजे जवळजवळ निम्मे नायगाव. पुढच्या थरात ७,७७६ येतात आणि नायगाव पुरत नाही. त्याच्याही पुढच्या थराला चारही ठिकाणच्या १६,५६० खोल्या मिळून अपुऱ्या पडतात.

थर कुठेही थांबवा, प्रत्येकीने सहा जणी आणल्या असतील तर एकूण बायकांतल्या सहापैकी पाच शेवटच्या थरात असतात. त्यांच्या खाली कोणीच नसते. त्यांना टक्का मिळत नाही, त्यांच्या खरेदीवर वरच्यांना मिळतो. यात कोणाचा आळस नाही की नशीब नाही, निव्वळ गुणाकार आहे. शेवटच्या थरातली बाई बाहेरच्या गिऱ्हाइकाला माल विकत असेल तर तिला निदान विक्रीचा नफा मिळेल. ती फक्त 'लेव्हल' टिकवण्यासाठी स्वतःच माल घेत असेल, तर ती विक्रेती नसून गिऱ्हाईक आहे, आणि हे तिला कोणी सांगितलेले नाही.

मावशीचे हेच झाले होते. कपाटाच्या खालच्या कप्प्यात मुदत संपलेल्या पावडरीचे डबे रांगेने उभे होते. किती रुपयांचे, हे तिने मला त्या जुलैपर्यंत कधी सांगितले नव्हते. काकांच्या फंडातले पैसे होते ते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर आपल्याकडे हा प्रश्न बराच काळ एकाच कायद्याच्या खुंटीला टांगलेला होता : १९७८ चा बक्षीस चिठ्ठ्या व पैसा-फिरवणूक योजना प्रतिबंधक कायदा. तो आला बक्षिसांच्या चिटफंडांना आवरण्यासाठी. पण 'नवे सभासद आणल्याच्या बदल्यात झटपट पैसा' ही त्यातली व्याख्या साबण-पावडर विकणाऱ्या साखळीलाही लागू पडते का, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद झाले. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ॲम्वेच्या प्रकरणात ती लागू पडते असे म्हटले. २०१३ च्या मे महिन्यात केरळ पोलिसांनी त्याच कंपनीच्या भारतातल्या प्रमुखाला अटक केली. त्याच वर्षी मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपुढे क्यूनेटचे प्रकरण आले. कंपन्यांचे म्हणणे होते, आम्हाला चिटफंडाच्या पंगतीला बसवू नका, आमच्यासाठी वेगळे नियम करा. या मागणीत तथ्य होते. कोणत्या धंद्याला परवानगी आहे हे अटक झाल्यावर कळू नये.

केंद्राने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या राज्यांना दिलेला सल्ला होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात थेट विक्रीची व्याख्या आली : कायमस्वरूपी दुकानाऐवजी विक्रेत्यांच्या जाळ्यातून केलेली विक्री. त्या कायद्याच्या आधारे २०२१ चा मसुदा निघाला आणि २८ डिसेंबर २०२१ ला अंतिम नियम अधिसूचित झाले.

या नियमांत कंपनीवर बरेच काही आहे. तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याने कामकाजाच्या ४८ तासांच्या आत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. पिरॅमिड योजनेला बंदी. विक्रेत्याशी लेखी करार. आणि नमुन्याच्या पत्राला जे खुपत होते तेही राहिले : विक्रेत्याच्या विक्रीतून निघणाऱ्या तक्रारींची जबाबदारी कंपनीवर.

आता विक्रेत्यावर काय आहे ते पाहू, कारण मावशीची खरी हरकत इथे होती. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचे नाही. बोलायला सुरुवात करतानाच स्वतःची ओळख, कंपनीचे नाव, मालाचे स्वरूप आणि येण्याचा हेतू स्पष्ट सांगायचा. किंमत, परतावा, हमी, विक्रीनंतरची सेवा यांची पूर्ण माहिती द्यायची. जीएसटी नोंदणी, पॅन आणि लागू असतील ते सर्व परवाने घ्यायचे. कंपनीने मंजूर न केलेला कोणताही छापील किंवा लिखित मजकूर ग्राहकाला द्यायचा नाही.

मी एकेक वाक्य वाचत होतो आणि मावशी फोनवर हसत होती. "समोरच्या खोलीत जायला गळ्यात पट्टा घालू? आणि वेळ कसली ठरवू? त्यांचं दार सकाळी सहाला उघडतं ते रात्री अकराला लागतं."

यात विनोद आहे, पण नियम करणाऱ्याची बाजूही समजून घ्यायला हवी. त्याच्या डोळ्यांसमोर बंद दाराची सोसायटी आहे. दुपारी एकट्या म्हाताऱ्या बाईच्या घराची बेल वाजते, टाय लावलेला तरुण आत येतो, तासभर उठत नाही आणि शेवटी ती बाई नको असलेली वस्तू घेते. त्या बाईला हा नियम उपयोगी आहे. गिरगावातल्या वाड्यांच्या जागी टॉवर उभे राहत आहेत, तिथे तर फारच. पण जिथे विकणारी आणि घेणारी वीस वर्षे एकाच नळावर भांडत आल्या आहेत, तिथे ओळखपत्राने कोणाची ओळख पटवायची? आपल्या लहानपणीची बोहारीण, कासार, साडीवाला यांना हा नियम लावून पाहा. (बोहारणीला 'येण्याचा हेतू स्पष्ट कर' असे म्हणण्याची हिंमत माझ्या आजीखेरीज कोणात नव्हती.)

जीएसटीचा मुद्दा हसण्यासारखा नाही. वस्तूंच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीत महाराष्ट्रात साधारणपणे नोंदणी लागत नाही. मावशीची वर्षाची विक्री त्याच्या आसपासही कधी फिरकली नाही. मग थेट विक्रेत्याच्या कर्तव्यांत जीएसटी नोंदणी सरसकट का लिहावी? 'लागू असेल तर' हे शब्द परवान्यांपुढे आहेत, ते नोंदणीलाही लागतात की नाही, हे वाक्य वाचून ठरत नाही. ज्या बाईला विवरणपत्र भरायला माणूस ठेवावा लागेल, तिचा नफा त्या माणसातच जाईल. मंजूर मजकुराच्या अटीचेही तसेच. मावशीने वहीच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले होते, साबणचुरा किती पाण्यात किती चमचे घालायचा. कंपनीचे पत्रक इंग्रजी-हिंदीत होते. नियमाच्या शब्दांत तिची ती चिठ्ठी गैर ठरते. औषधी गुणांचे खोटे दावे थांबावेत म्हणून ही अट आहे, आणि तसे दावे सर्रास होतात हे मी स्वतः ऐकले आहे. तरीही माणसाला स्वतंत्र व्यावसायिक म्हणायचे आणि चार ओळींची चिठ्ठी लिहायलाही परवानगी लावायची, हे दोन्ही एकत्र कसे बसते?

अशा हरकतींचा सर्वांत मोठा प्रसंग अमेरिकेत घडला. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २००६ मध्ये 'धंद्याची संधी' विकणाऱ्यांसाठी नियम सुचवला. नव्या माणसाला माहितीपत्रक द्यायचे आणि ते दिल्यावर सात दिवस थांबायचे, त्याआधी पैसे घ्यायचे नाहीत. कमाईचा दावा केला तर पुरावा द्यायचा. आधी किती जणांनी पैसे परत मागितले, कंपनीवर कोणते खटले झाले, ते सांगायचे. आणि जवळपासच्या दहा जुन्या खरेदीदारांची नावे-पत्ते द्यायचे. कमिशनकडे १७,००० हून अधिक अभिप्राय आले, त्यांतले बहुतेक साखळी विक्रीतल्या लोकांचे आणि विरोधी. पुष्कळशी पत्रे एकाच साच्यातली होती. मावशीच्या व्हॉट्सॲपवर आलेल्या नमुन्याची ती थोरली भावंडे.

म्हणून ती खोटी होती असे मात्र नाही. थोड्या पैशांच्या पिशवीभर मालासाठी सात दिवस थांबायला लावले, तर समोरच्याला यात काहीतरी काळेबेरे आहे असे वाटणारच. घरातून धंदा करणाऱ्या बाईचा पत्ता दहा अनोळखी लोकांना देणे सुरक्षित नाही. खटला जिंकला की हरला हे न सांगता नुसती खटल्यांची यादी देणे अन्यायाचे आहे. या तीनही हरकती माझ्या मते रास्त होत्या. परंतु त्यांच्यासोबत चौथी गोष्टही वाहून गेली. २००८ च्या सुधारित मसुद्यात कमिशनने साखळी विक्रीच्या कंपन्यांना नियमाबाहेरच ठेवले आणि २०१२ च्या मार्चपासून अमलात आलेला नियम त्यांच्याशिवाय आला. कमाईचा पुरावा देण्याची या नियमातली सक्तीही त्यांच्यापुरती गेली.

याच कमिशनने १९७९ मध्ये ॲम्वेच्या प्रकरणात एक नेमका आदेश दिला होता. कंपनी पिरॅमिड नाही, असे त्यात ठरले, कारण न विकलेला माल परत घेण्याची, घेतलेल्या मालापैकी ७० टक्के विकण्याची आणि महिन्याला दहा गिऱ्हाइकांना विक्री दाखवण्याची अट तिच्या नियमांत होती. पण कमाईबद्दल बोलायचे असेल तर विक्रेत्यांची प्रत्यक्ष सरासरी कमाई किंवा तेवढी कमाई किती टक्क्यांना होते, ते सोबत सांगा, असेही त्या आदेशात होते. कमिशनने २०२५ च्या जानेवारीत साखळी विक्रीतल्या कमाईच्या दाव्यांसाठी पुन्हा एक नियम सुचवला आहे. म्हणजे पंचेचाळीस वर्षांनंतरही गाडी त्याच फाटकाशी उभी आहे.

आपल्या २०२१ च्या नियमांत मी हेच शोधत होतो. विक्रेत्याने ग्राहकाला काय काय सांगावे, याची यादी लांबलचक आहे. पण नवी बाई साखळीत येताना कंपनीने तिला सरासरी कमाईचा, सोडून गेलेल्यांचा, शेवटच्या थरातल्या बायकांचा तक्ता दाखवावा, अशी सक्ती मला त्यात सापडली नाही. ठरावीक मुदतीत करार मोडून बाहेर पडण्याची सोय आहे, ती चांगली आहे. मात्र मावशीला या धंद्याचे खरे रूप मुदतीत कळले नाही, कपाट भरल्यावर कळले. वीस रुपयांच्या साबणाचा खरेदीदार सगळे जाणून घेण्याचा हक्क मिळवतो आणि काकांचा फंड घालणारी बाई फक्त एका इंग्रजी करारावर सही करते.

विक्रेतीची गोची ही आहे. ग्राहकासमोर ती कंपनीचा चेहरा असते आणि कंपनीसमोर स्वतःच ग्राहक असते. नियमांना तिचा पहिला चेहरा दिसला. हरकतीच्या नमुन्यालाही तोच दिसला, फक्त त्याला तो कंपनीपासून सुटा हवा होता.

ओळखपत्राने काय थांबते आणि काय थांबत नाही, याचा एक दाखला पुढे दादरमध्येच मिळाला. ६ जानेवारी २०२५ ला टोरेसच्या दुकानाबाहेर गर्दी जमली. झगमगीत, कायमस्वरूपी दुकान होते ते. खडे विकत घ्या, आठवड्याला परतावा घ्या, आणखी माणसे आणा, वाढीव घ्या. ही थेट विक्री नव्हती, गुन्हाही वेगळ्या कायद्यांखाली शिवाजी पार्क पोलीस ठाण्यात दाखल झाला. पण त्या गर्दीत मला गिरणगावातले बरेच चेहरे ओळखीचे वाटले. भाजीवाले, पोळीभाजी केंद्रवाल्या. त्यांना कोणी अनोळखी माणसाने ओढले नव्हते. ज्याला आठवड्याचे पैसे वेळेवर मिळाले, अशा शेजाऱ्याने सांगितले होते.

मावशीचे पत्र अखेर आम्ही नव्याने लिहिले. मराठीत, कारण सही तिची होती. तिने फोनवर सांगितले, मी टंकले. वेळ ठरवण्याची अट ओळखीच्या घरांना नको. जीएसटी मर्यादेच्या आतल्यांना नोंदणी नको. आपल्या भाषेत माहिती लिहून द्यायला मुभा हवी. कंपनीची जबाबदारी आहे ती तशीच ठेवा. शेवटचा मुद्दा तिने दोनदा वाचून घेतला : जी बाई नव्याने येते तिला आधीच्या बायकांनी किती कमावले आणि किती माल घरात पडून राहिला, ते तिच्या भाषेत कागदावर द्या. "आणि लिही," ती म्हणाली, "हा कागद मी माझ्या पोरींना दाखवायला तयार आहे." तिच्या खाली अकरा जणी होत्या. त्यांतल्या चौघींच्या घरी तसेच कपाट असणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. त्यावर ती काही बोलली नाही.

'वरच्या बाई'ला तिने काय कळवले, ते मी विचारले नाही. पत्र मुदतीत गेले. उत्तर आले नाही, अशा पत्रांना ते येतही नसते. डिसेंबरअखेर नियम निघाले, त्यांत तिच्या मुद्द्यांपैकी कंपनीच्या जबाबदारीचा तेवढा राहिला, तो तिच्या पत्रामुळे राहिला असे समजण्याइतके आम्ही भोळे नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कंपनीकडून ओळखपत्र आले. आडनावात एक अक्षर चुकलेले. मावशीने ते दाराच्या मागच्या खिळ्यावर, कालनिर्णयाच्या खाली अडकवले आहे. संक्रांतीला बायका आल्या की एखादी ते उलटेपालटे करून पाहते आणि विचारते, "हे काय गं?" मग मावशी तिला आधी कपाटाचा खालचा कप्पा उघडून दाखवते.